तापमापी कुणाच्या हातून आली? रुग्णाच्या संमतीचा आपला इतिहास

वैद्यकीय महाविद्यालयांत आज शिकवतात की चांगला उपचार तीन गोष्टींवर उभा असतो : उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, डॉक्टरचा अनुभव, आणि रुग्णाची स्वतःची मूल्ये व पसंती. १९९६ साली डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी मांडणी केली, तिच्यातून हे सूत्र जगभर गेले. सूत्र चांगलेच आहे, माझा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो ते ज्या थाटात सांगितले जाते त्याला. जणू नव्वदच्या दशकात काही सुज्ञ डॉक्टरांना जाग आली आणि त्यांनी रुग्णाला बोलण्याची परवानगी दिली! ज्यांना कधीच विचारले गेले नाही त्यांच्या बाजूने हा इतिहास वाचला की तो वेगळाच दिसतो. मग आणखी एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. आपल्या देशात 'रुग्णाच्या भावना', 'रुग्णाच्या श्रद्धा' हे शब्द नेमके कुणासाठी वापरले गेले? रुग्णासाठी की त्याच्या जातीसाठी?

१८९७ पासून सुरुवात करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. तोच कायदा, जो कोरोनाच्या वेळी सरकारांनी पुन्हा बाहेर काढला. या कायद्यात अधिकाऱ्यांचे संरक्षण होते, पण रुग्णाचा हक्क नावाची गोष्ट शोधूनही सापडत नाही. पुण्यात वॉल्टर रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला. गोरे सोजीर घरोघर शिरले, माणसे इस्पितळात आणि घरचे लोक छावणीत गेले. पुढे २२ जून रोजी चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेत शिकलो. देवघर बाटले, स्वयंपाकघरात बूट शिरले, स्त्रियांची विटंबना झाली, हेही शिकलो.

यातले काहीच खोटे नाही. सक्ती क्रूर होती, आणि स्त्रीच्या अंगाला परक्या पुरुषाने रस्त्यात हात लावून गाठी तपासणे हा अत्याचारच होता, तिची जात कोणतीही असो. मुंबईत २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला तो उगाच नाही. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे कामगार डोळ्यांनी बघत होते. त्याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. उपचार काय होणार, माणूस कुठे ठेवणार, मेला तर प्रेत मिळणार का, यातले काहीही न सांगता माणूस उचलून नेला तर भीती वाटणे ही अक्कलच आहे.

पण सरकारने ऐकले कुणाचे, ते पाहा. विरोध वाढला तशी मुंबईत जातवार, धर्मवार इस्पितळे उघडायला परवानगी मिळाली. अमक्या जातीचे वेगळे, तमक्या पंथाचे वेगळे. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले. म्हणजे रुग्णांची 'मूल्ये' विचारात घेण्याचा मोठा प्रयोग या मातीत १८९७ सालीच झाला आहे. फक्त ही मूल्ये खाटेवरच्या रुग्णाला विचारून ठरली नाहीत. ती जातीच्या पुढाऱ्यांनी सरकारशी बसून ठरवली. शिवाशिव पाळता यावी, पाणी कुणाच्या हातचे प्यावे लागू नये, हीच रुग्णाची पसंती असे गृहीत धरले गेले. ज्याच्याकडे पैसेवाले पुढारी नव्हते, त्याची पसंती विचारायची कुणाला?

एक गोष्ट मात्र आपल्या इतिहासात ठळक लिहायला हवी. ऑक्टोबर १८९६ च्या सुरुवातीला मुंबई पालिकेने सक्तीने विलगीकरण करण्याचा आदेश काढला आणि महिना संपेपर्यंत तो सौम्य केला. का? पालिका आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की सर्वांत मोठी भीती होती ती हलालखोर आणि सफाई कामगार शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर मुंबई मैल्याखाली बुडाली असती. ज्यांना कुणी विचारत नव्हते त्यांच्या निव्वळ निघून जाण्याच्या शक्यतेपुढे आदेश नरमला. शेठ-सावकारांच्या अर्जविनंत्या इतिहासात नोंदल्या गेल्या. ही ताकद कितीजणांना माहीत आहे?

याच काळात मुंबईत हाफकिनने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्याने स्वतःला टोचून घेतली, त्याबद्दल त्याला मान दिलाच पाहिजे. पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली, 'स्वेच्छेने' पुढे आलेल्या कैद्यांवर. तुरुंगात साथ शिरलेली, बाहेर जायला वाट नाही, समोर साहेब उभा. अशा वेळी 'स्वेच्छा' या शब्दाचा अर्थ काय होतो? हा प्रश्न इथेच ठेवतो, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आणि याच साथीत, पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले काय करत होत्या? डॉ. यशवंतरावांनी हडपसरच्या बाजूला, गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर टाकून तिथे आणले. मूल जगले. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्याकडे ही घटना त्यागाची कथा म्हणून सांगतात, जयंतीला हार घालतात आणि पुढे जातात. मला तिच्यातली वैद्यकीय बाजू महत्त्वाची वाटते. तीच साथ, तोच काळ. एकीकडे सोजिराच्या पहाऱ्यात इस्पितळात नेलेला रुग्ण, दुसरीकडे ओळखीच्या बाईच्या पाठीवर बसून दवाखान्यात आलेले महाराचे पोर. दोन्ही ठिकाणी विलगीकरणच झाले, साथीच्या शास्त्राला कुठेच सुट्टी दिली गेली नाही. फरक एवढाच की एका ठिकाणी रुग्णाच्या घरच्यांचा नेणाऱ्यावर विश्वास होता. शास्त्र की रुग्णाची इच्छा, असे भांडण लावणाऱ्यांनी मुंढव्याकडे बघावे. ते भांडण बहुतेक वेळा खोटे असते.

आता बत्तीस वर्षे पुढे येऊ. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये घेतले आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले आहे. बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली, श्वास घेता येईना, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर म्हणाला, अस्पृश्याच्या घरी येणार नाही, मूलही तपासणार नाही. शिक्षकाने नगरशेठचे पाय धरले. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला. मग डॉक्टर आला, पण अटीवर, वस्तीच्या बाहेर आणली तरच बघेन. ओल्या बाळंतिणीला पोरासकट बाहेर आणले. डॉक्टरने तापमापी एका मुसलमानाच्या हातात दिली, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने ती परत गेली. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. फी घेऊनही नंतर पुन्हा बघायला आला नाही. बाई मेली.

या पत्रावर आपण बोलतो ते अस्पृश्यतेच्या क्रौर्याबद्दल, आणि ते बरोबरच आहे. पण जरा वैद्यकाच्या चष्म्यातून बघा. या सगळ्या व्यवहारात किती जणांची पसंती पाळली गेली! डॉक्टरची अट पाळली गेली, नगरशेठची मध्यस्थी लागली, गावाच्या शिवेचा मान राहिला, तापमापीचा विटाळ टळला. एकाच व्यक्तीला कुणी काही विचारले नाही. तुला कुठे दुखते? तुला बाहेर चालवते का? पहिली तपासणी तिच्या छातीला कान लावून व्हायला हवी होती. ती जातीने होऊ दिली नाही. रोगाचे निदान काचेच्या नळीवरून झाले आणि ती नळी तीन हातांतून आली. शिवाशिव हीच पसंती मानून १८९७ साली इस्पितळांची रांग लागली होती, तिचे दुसरे टोक हे आहे. जातीच्या भावनेला रुग्णाची इच्छा म्हणायला लागलो की शेवटी रुग्ण वस्तीबाहेर जमिनीवर पडलेला सापडतो.

बाबासाहेबांनी हा धागा पुढे कुठे नेला, हे आपले अनेक वक्ते सांगत नाहीत. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील बाबासाहेब होते. वाचकांनी आपल्या शरीराविषयी विचारलेले प्रश्न आणि कर्व्यांनी दिलेली सरळ उत्तरे, हा तो 'गुन्हा'. माणसाला आपल्या शरीराबद्दल विचारायचा हक्क आहे, आणि विचारले तर शास्त्रीय उत्तर मिळायचाही हक्क आहे, हा त्या खटल्यातला खरा मुद्दा. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे बाबासाहेबांचे भाषण खंड दोनमध्ये आहे, जरूर वाचा. त्यात गरिबी, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू हे सगळे आहेच. पण गाभा असा की कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल तर ते टाळण्याची सोय तिच्या हाती हवी, आणि तो निर्णय सर्वस्वी तिचा हवा. कोणत्याही कारणाने! नवऱ्याची परवानगी नाही, डॉक्टरची शिफारस नाही, समाजाची सोय नाही. ठराव नामंजूर झाला.

याच महाराष्ट्राच्या विधानसभेने १९७६ साली, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. देशात असे करणारे हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण त्या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. कागदोपत्री कित्येकांनी 'संमती' दिली होती. कुणाचा पगार अडला होता, कुणाचे रेशनकार्ड, कुणाची झोपडी. १९३८ आणि १९७६ ही दोन वर्षे शेजारी ठेवा. दोन्हीकडे विषय लोकसंख्या, दोन्हीकडे आकडे तेच. एका भाषणात बाई निर्णय घेणारी आहे, दुसऱ्या विधेयकात माणूस हा निव्वळ आकडा आहे. आजही काही 'प्रगत' मंडळी लोकसंख्यावाढीचे खापर आपल्या वस्त्यांवर फोडतात आणि वर बाबासाहेबांचा दाखला देतात. त्यांना हे भाषण संपूर्ण वाचायला सांगा.

थोडे परदेशात जाऊन येऊ, कारण हा धागा तिथेही आपल्याच लोकांना जोडतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यु बॉईस यांना पत्र लिहिले होते, आपल्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीतले साम्य सांगणारे. ते पत्र गेले तेव्हा अलाबामातल्या टस्कीगी इथे चौदा वर्षांपासून एक 'अभ्यास' चालू होता. १९३२ साली अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेने ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. बहुतेक बटाईने दुसऱ्याची जमीन कसणारे, कर्जात बुडालेले. त्यातल्या ३९९ जणांना गरमी होती. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'खराब रक्त' आहे, मोफत उपचार करतो, एवढेच सांगितले. प्रत्यक्षात उपचार न करता रोग शरीराची कशी वाट लावतो, ते बघायचे होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हे प्रमाणित औषध झाले, तरी दिले नाही. त्याच १९४७ साली न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांना शिक्षा देताना संहिता लिहिली गेली, तिचे पहिलेच कलम स्वेच्छेच्या संमतीचे. ती दुसऱ्यांसाठी होती! टस्कीगीचा प्रयोग जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी फोडेपर्यंत, चाळीस वर्षे चालला.

या माणसांना काय दिले जायचे? गरम जेवण, दवाखान्यापर्यंत गाडी, आणि मेल्यावर दफनाचा खर्च. अंत्यसंस्काराला पैसे नसलेल्या माणसाला ते केवढे आमिष आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९७४ चा संशोधनविषयक कायदा आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल यातूनच आले. सॅकेट यांच्या सूत्रामागे असा संताप आहे. १९७२ हेच दलित पँथरच्या स्थापनेचेही वर्ष. ब्लॅक पँथरांनी आपल्या शाखांमधून लोकांचे मोफत दवाखाने चालवले होते. आपण त्यांचे नाव घेतले, आवेश घेतला, कविता तर त्यांच्याहून जबर लिहिल्या. दवाखाने मात्र फारसे घेतले नाहीत, याची मला खंत वाटते.

आता बीड. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले की जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. राष्ट्रीय पाहणीत देशातले प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. यातल्या कित्येक बाया वयाच्या तिशीत होत्या. वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, पारधी. जमीन नाही किंवा आहे ती कोरडी, अशी घरे.

डॉक्टरांचा बचाव काय होता? 'बाया स्वतःच येऊन म्हणतात, पिशवी काढून टाका.' आणि हे पूर्ण खोटे नाही, इथेच खरी गोम आहे. रुग्णाची पसंती माना म्हणता ना? ही घ्या पसंती! पण ही पसंती तयार कुठे झाली ते बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक खाडा झाला की दंड, तो उचलीत चढतो. फडात संडास नाही, न्हाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, डोक्यावर मोळी. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेली की सोनोग्राफी करून 'पुढे कॅन्सर होईल' सांगितले जाते. हे सगळे एकत्र केल्यावर तिच्या तोंडून 'काढून टाका' निघते. पिशवी काढल्यावर पुढे काय होते, हाडे, सांधे, अवेळी येणारे म्हातारपण, आणि साध्या औषधाने पांढरे जाणे थांबले असते की नाही, हे तिला कुणी सांगितले? भायखळ्याच्या तुरुंगातला कैदी, अलाबामाचा बटाईदार आणि बीडची कोयता बाई, तिघांनीही 'हो' म्हटले आहे. 'नाही' म्हटल्यावर काय झाले असते ते आधी विचारा, मग त्या 'हो'ची किंमत ठरवू.

चळवळीतले काही तरुण मला उलट बाजूने विचारतात. रुग्णाच्या श्रद्धेला मान द्यायचा तर मग भगत, देवऋषी, अंगारा यांनाही द्यायचा का? आपण तर बुद्धिवादी. माझे उत्तर असे की डॉक्टरने खोट्याला खरे म्हणू नये, आणि रुग्णाला न समजावता ढकलूही नये. पुरावा सांगतो की अमुक शस्त्रक्रियेने शंभरातले किती वाचतात. त्यातून उरणारा त्रास सोसायचा की आहे ते आयुष्य जगायचे, हे पुराव्यात लिहिलेले नसते. ते ज्याचे शरीर त्याने ठरवायचे. आणि तो ठरवणारा 'तो' किंवा 'ती' एकटी व्यक्ती आहे. तिची जात नाही, तिचा नवरा नाही, तिचे गाव नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा त्यांना आनंद आहे. हे वाक्य आपण पंचायतीच्या वादापुरते ठेवतो. दवाखान्याच्या खाटेवरही ते तितकेच लागू आहे.

कायद्याला हे समजायला साठ वर्षे लागली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात निकाल दिला. दिल्लीतल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोष काढण्यात आले. न्यायालय म्हणाले, प्रौढ, सज्ञान स्त्रीची संमती तिची आईही देऊ शकत नाही, तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नसेल तर शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरीही नवऱ्याची सही मागितली जाते, आपल्या शहरांत आणि तालुक्यांत, रोज. संमतीपत्र इंग्रजीत, अक्षर बारीक, अंगठा कुठे लावायचा तेवढे दाखवतात. जात नसेल ना आता मध्ये? तापमापी आज थेट हातात मिळते. कागद मात्र अजून तीन हातांतून फिरतो.

बीडच्या प्रकरणानंतर प्रशासनाने उपाय केला. आता पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागते. त्याने काही शस्त्रक्रिया अडल्या असतील, ते चांगलेच झाले. पण फडावर संडास आला का, खाड्याचा दंड बंद झाला का, आणि त्या बाईशी तिच्या बोलीत बसून बोलायला कुणी नेमले का, हे विचारायला आपल्यातल्या किती जणांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला आहे? हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो. टोळ्या निघायच्या आत गावात जायला हवे.